एका गाठीचं बी

माझी सून मला आवडते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, ही शेवटी सासूच. सासू तर मी आहेच, त्यात खोटं काही नाही. पण ती मला आवडते आणि तिच्यावर मी जळलेही, आणि हे दोन्ही एकाच उन्हाळ्यात झालं. जळले म्हणजे कशी? चुलीत ओलं लाकूड घातल्यावर ते जळतं तशी. जाळ काही निघत नाही, नुसता धूर होतो आणि तो फुंकणारीच्याच डोळ्यात जातो.

आमचं गाव आसगावच्या रस्त्यावर. सगळा मुलूख धानाचा. पुरुषांच्या तोंडी बारा महिने धान, धानाची खाचरं म्हणजे बांध्या, आणि पाणी. पण घरामागच्या वाडीत काय लावायचं हे आमच्याकडे बायका ठरवतात, आणि वाडीत आधी मान वांग्याचा. पावसाळ्याच्या तोंडावर लावायला रोप तयार लागतं. मे महिन्याच्या उन्हात बाहेर बी टाकलं तर ते उगवायच्या आधीच भाजून निघतं, म्हणून मी रोप घरात वाढवते. जुनी घमेली, गळक्या बादल्या, त्यांत पाणी साठवायच्या बोडीतला गाळ आणि मुरलेलं शेणखत, वर बी आणि बियांवर धानाच्या वाळक्या तणसाचं पांघरूण. हे सगळं सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, भिंतीला लावून ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ओंजळीनं पाणी शिंपडायचं.

बी माझ्या माहेरचं, लाखांदूरकडचं. लग्नात आईनं दिलेली भांडी कधीच पोचे पडून मोडीत गेली, बी मात्र राहिलं. जांभळं, पांढऱ्या रेघांचं, काटेरी देठाचं वांगं. त्याचं भरीत केलं की त्या दिवशी भाकरी कमी पडते. गावातल्या तीस-पस्तीस घरी हे वांगं माझ्याकडून गेलेलं आहे. मिरुग लागला की बायका येतात, पदर पसरतात, मी पदरात मूठभर रोप टाकते. रोपाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि घेणारीनं 'पुरे' म्हणायचं नाही. रीत एकच. झाडाला पहिलं वांगं लागलं की ते खुडून जिनं रोप दिलं तिच्या हातात आणून द्यायचं. दिवाळीच्या आगेमागे माझ्या दारात एकेक करून सूपभर वांगी जमतात. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, आली का तुझी पेन्शन.

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मग सात-बारा पोराच्या नावे झाला, आणि पोराचं लग्न झाल्यावर चूल सुनेकडे गेली, कपाटाच्या किल्ल्याही गेल्या. मी हसत दिल्या. खरंच हसत दिल्या, कारण गुडघे दुखतात आणि कपाटात असं होतं तरी काय. पण रोपवाली बाई म्हणून गावात जे माझं नाव होतं, ते मी कोणाला द्यायचं ठरवलं नव्हतं. तेवढंच तर उरलं होतं. ते गेलं असतं तर मी त्या घरात खाटेवर बसून उन्हाळा मोजणारी म्हातारी उरले असते, दुसरं काही नाही.

सून पवनीची. तिच्या माहेरी दोन माग आहेत, बाप-भाऊ विणतात, आई कांड्या भरते. धानाच्या बांधीत ती लग्नाआधी कधी उतरली नव्हती. मी मनात म्हटलं, वाडीचं हिला काय कळणार. पहिलं वर्ष तिनं नुसतं पाहिलं. दुसऱ्या वर्षी, अक्षय तृतीया झाल्यावर, ती आणि माझा पोरगा लाखांदूरच्या बाजाराला म्हणून गेले आणि येताना काळे प्लास्टिकचे ट्रे घेऊन आले. अंड्याच्या ट्रेसारखे, खळगे खळगे असलेले. सोबत नारळाच्या भुशाची एक वीट. ती वीट तिनं बादलीत भिजवली तर फुगून बादलीभर झाली. माझा पोरगा उकिडवा बसून तो भुसा दोन्ही हातांनी कालवत होता. ज्या पोरानं आयुष्यात माझं एक घमेलं उचलून सावलीत ठेवलं नाही, तो बायकोच्या शेजारी बसून भुसा कालवत होता आणि मोबाइलमध्ये पाहून तिला सांगत होता, एवढं पाणी बस झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत जाऊन विनाकारण डाळ निवडायला घेतली, निवडलेलीच होती ती.

बरं, ट्रे ठेवले कुठे? त्यांच्या खोलीत, खिडकीजवळ, कूलरच्या वाऱ्यात. थेट नाही, जरा बाजूला, पण वाऱ्यातच. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, जवळ आलेला, मी सपरीत ओला टॉवेल अंगावर घेऊन पडायची, आणि आत वांग्याच्या रोपाला कूलर. रोप म्हणजे अजून रोपही नाही, नुसता भुसा. मी शेजारणीला म्हटलंच, की बाई, पुढच्या जन्मी देवानं मला वांगं करावं. शेजारीण हसली. ही शेजारीण म्हणजे रोप न्यायला दर वर्षी सगळ्यांत आधी येणारी, माझ्याच वयाची, गावात काही सांगायचं असलं की तिला सांगितलं तरी पुरतं. हसून झाल्यावर ती म्हणाली, चला पाहू तरी कसे असतात ट्रे. आणि आत गेली. अर्धा तास बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मला 'बरी आहेस ना' विचारून थेट आत. माझी घमेली सपरीत दाराशीच होती, त्यांना ओलांडून गेल्या सगळ्या.

मग सून माझ्याकडे बी मागायला आली. दुकानाचं बी तिला नको होतं. खाली बसली, पदर सावरून म्हणाली, "आई, तुमच्या वांग्याचं बी देता का थोडं? ट्रेत तुमचंच लावतो."

यात राग येण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. उलट दुसरी कोणी सासू असती तर तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला असता. मला मात्र वाटलं, घेतलं हिनं. आता बीसुद्धा घेतलं. माझ्याच बियाचं रोप ही कूलरमध्ये वाढवणार, जाडजूड करणार, आणि मिरुगाला बायका माझी घमेली ओलांडून हिच्यापुढे पदर पसरणार. दिवाळीला पहिली वांगी येणार तीही हिच्याच हातात. मी 'देते' म्हटलं आणि त्याच वेळी मनात काय करायचं ते ठरवलं.

आता इथे माझ्या बियाची रीत सांगावी लागेल. बी मी माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधते आणि त्या पुरचुंड्या राख भरलेल्या मडक्यात घालून मडकं शिंक्यावर ठेवते. वाचता-बिचता मला येतं, पण चिठ्ठी राखेत टिकत नाही, म्हणून खूण गाठीची. या वर्षीचं ताजं बी, त्याला एक गाठ. ते लावलं नाही, उरलं, तर पुढच्या वर्षी त्यावर दुसरी गाठ. असं वर्षाला एक. मडक्यात तेव्हा वांग्याच्या दोनच पुरचुंड्या होत्या. एक ताजी, एका गाठीची. दुसरी चार गाठींची, चार उन्हाळे टिनाच्या छपराखाली काढलेली. ते बी मेलेलंच होतं. फेकलं नव्हतं, कारण बी फेकवत नाही.

दुपारी सून मागच्या दारी भांडी घासत होती तेव्हा मी स्टुलावर चढून मडक्यात हात घातला. डोळे दाराकडे, बोटं राखेत. चोरी करताना माणूस हातातल्या वस्तूकडे पाहत नाही, येणाऱ्याकडे पाहतो. पहिली पुरचुंडी लागली तिला एकच गाठ. ती सोडली. दुसरी लागली तिला गाठीवर गाठी, घट्ट. मोजायचीही गरज वाटली नाही. ती बाहेर काढली, फुंकून राख उडवली आणि सुनेच्या ओल्या हातात नेऊन दिली. वर म्हटलं, घे, थोडं कशाला, सगळंच घे.

तिनं पुरचुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला की मला क्षणभर वाटलं, मागून घ्यावी परत. पण नाही घेतली. ती आत जाऊन नवऱ्याला सांगत होती, आईनं सगळं बी देलं जी, सगळं. मी एका गाठीचं बी माझ्या घमेल्यांत टाकलं, तणस पसरलं, आणि त्या रात्री उकाड्यातही मला छान झोप लागली. हेही लिहून ठेवते, म्हणजे कोणी मला उगाच चांगली म्हणायला नको.

आठव्या दिवशी सकाळी आतून पोराचा आवाज आला. सून हसत होती. शेजारीण कशी कोण जाणे तेव्हाच दारात हजर. ती आत गेली आणि तिथूनच ओरडून मला म्हणाली, बाई, पाहा तरी, एक खळगा रिकामा नाही. मी उठले. माझ्या घमेल्यांवरचं तणस बाजूला केलं. गाळ होता. काळा, ओला, गुळगुळीत गाळ, आणि त्यात काहीच नव्हतं.

मी आत गेले नाही. म्हटलं, हिनं चोरून दुकानाचं बी आणलं असणार, माझ्या बियाचं नाव करून तेच लावलं असणार. चार वर्षांचं मेलेलं बी कूलर लावल्यानं उठून बसत नाही, ही काय शाळेतली गंमत आहे? आणि माझं? माझं आज नाही तर उद्या येईल. गाळ जरा थंड असेल. मुंग्यांनी नेलं असेल. कोणाची नजर लागली असेल, आणि कोणाची ते मला माहीत होतं, कारण तीच बाई रोज आत-बाहेर करून माझ्या घमेल्यांना ओलांडत होती. दहावा दिवस गेला. बारावा गेला. मी एका घमेल्यात बोट घालून बी उकरलं. बोटात धरून दाबलं तर आत काही नव्हतं, नुसतं टरफल.

सून रोज विचारायची, "आई, आलं का जी तुमचं?" साधेपणानं विचारायची. मला तो साधेपणा सहन होत नव्हता. मी म्हणायची, येते, मिरुगाची हवा लागल्याशिवाय आमचं वांगं उठत नाही. यावर ती आपल्या ट्रेंकडे वळायची. मग एका दिवशी तिनं विचारणं सोडलं, आणि त्याच संध्याकाळी आणखी चार ट्रे भरले. मी पाहत होते. चार ट्रे! वाडीला लागतात साठ-सत्तर रोपं, ती पहिल्याच ट्रेत झाली होती. आता हे चार कशाला? मला लगेच कळलं कशाला. गावाला वाटायला. माझ्या नाकावर टिच्चून माझ्याच दारात वाटायला.

बुधवारी ती आणि पोरगा कोंढ्याला गेले. घरात मी एकटी. दुपारचे बारा. मी त्यांच्या खोलीत गेले. इतके दिवस पाय ठेवला नव्हता. आत गार होतं, ओल्या भुशाचा वास होता, आणि खिडकीखाली ते ट्रे. रोप पाहून मी खाली बसले. बोटभर झालं होतं. देठ जांभळा. दुकानाच्या बियाचा देठ असा कोवळेपणी जांभळा येत नाही, हिरवा येतो. हा माझ्या आईकडचा देठ होता. काही नवीन रोपांच्या पानांवर बियाचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं होतं. एवढं सुंदर रोप माझ्या घमेल्यात चाळीस वर्षांत आलं नव्हतं, हे माझ्याइतकं चांगलं कोणाला कळणार होतं? शेजारणीला काय कळतं? पोराला काय कळतं? त्या रोपाची खरी पारख करणारी त्या घरात मी एकटी होते, आणि माझा हात कूलरच्या बटणावर गेला.

मी कूलर बंद केला. खिडकीचा ओला पडदा बाजूला सारला. ऊन थेट ट्रेवर आलं. मग बाहेर सपरीत येऊन बसले. दहा मिनिटं बसले असेन. पंख्याखालीही मला घाम फुटला. चाळीस वर्षं जिनं पोटच्या पोरासारखं हे बी सांभाळलं, ती ते उन्हात भाजायला ठेवून बाहेर बसली होती. आईनं मला वरून पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? मी धावत आत गेले, गुडघे दुखतात तरी धावले. पडदा लावला, कूलर लावला, ट्रेवर पाणी शिंपडलं. कडेची दोन रोपं माना टाकून पडली होती, ती उपटून मी पदरात लपवली आणि मागे नेऊन राखेत पुरली. संध्याकाळी सुनेनं ट्रे पाहिले. कडेच्या रिकाम्या खळग्यांवरून बोट फिरवलं.

पण इथून पुढे मला दुसरीच चिंता लागली. माझ्याकडे एकही रोप नव्हतं. बी सगळं टाकून बसले होते. मिरुग आठ दिवसांवर. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं की बाईनं पदर पसरला आणि मी नाही म्हटलं. मी घमेली सपरीतून उचलून मागे तणसाच्या ढिगाआड नेऊन ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायची, सावलीला ठेवलीत. मुगाच्या डाळीचं वरण ताटात तसंच राहायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मी तर हात आपणहून मडक्यात घातला होता.

मिरुग लागला. दोन दिवस शिंतोडे आले, माती जरा दबली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण दारात. तिच्या मागे पाच-सहा जणी. सगळ्या हसत-खिदळत, मोकळे पदर घेऊन. शेजारणीनं पदर पसरला आणि म्हणाली, काढा बाई रोप, यंदा पहिला हात माझाच.

मी उभी होते. 'यंदा नाही' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून सून आली. दोन्ही हातांवर दोन ट्रे तोललेले. ते तिनं माझ्या पायाशी ठेवले, पुन्हा आत गेली, आणखी आणले. सगळे ट्रे माझ्यापुढे मांडून झाल्यावर बायकांना म्हणाली, "ऊन लयच होतं ना, म्हणून आईचं रोप मी आत ठेवलं होतं. बी त्यायचंच हाय. घ्या त्यायच्या हातानं."

आणि मला म्हणाली, बसा आई, मी काढून देते, तुम्ही वाटा. ती एकेक खळगा खालून दाबून रोप मुळासकट काढत होती आणि माझ्या हातात देत होती. मी पदरापदरात टाकत होते. बायका म्हणत होत्या, काय रोप आहे बाई, हात तो हातच. शेजारीण म्हणाली, सुनेच्या खोलीत का असेना, हात शेवटी कोणाचा आहे. मी मान हलवत होते. सुनेनं मला गावापुढे वाचवलं होतं, आणि खरं सांगते, त्या वेळी मला तिचा जेवढा राग आला तेवढा आधीच्या महिन्याभरात कधी आला नव्हता. हिसकावून घेतलं असतं तर मी भांडले असते, गावभर बोलले असते, बरी मोकळी झाले असते. तिनं माझंच मला दिलं. आता कशावर जळायचं?

बायका गेल्या. दुपारनंतर ती मागच्या दगडावर बसून रिकामे ट्रे धूत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काहून केलं तू असं?"

तिनं हातातला ट्रे खाली ठेवला नाही. धूत धूत सांगत गेली. गुढीपाडव्याच्या आधी तिनं घर झाडलं, तेव्हा शिंक्यावरचं मडकंही उतरवून पुसलं होतं. एका पुरचुंडीची गाठ सैल होऊन बी राखेत सांडायला लागलं होतं. तिनं ती नीट बांधली आणि एकावर एक चार-पाच गाठी मारल्या. तिच्या माहेरी एक गाठ कोणी ठेवतच नाही, मागावर गाठ सुटली तर अख्खा ताणा बिघडतो. दुसरी पुरचुंडी उंदरानं कुरतडली होती. तिचं बी तिनं माझ्याच लुगड्याच्या दुसऱ्या फडक्यात घातलं, फडकं लहान होतं, त्याला एकच गाठ बसली. गाठींचा काही अर्थ असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी कशाला सांगेन?

मी खाली बसले. म्हणजे जे बी मी मेलेलं समजून तिला दिलं, ते ताजं होतं. आणि मेलेलं मी माझ्या हातानं माझ्या घमेल्यांत टाकलं होतं, तणस घालून, पाणी शिंपडून.

"गाठीचं मग तुले कधी कळलं?"

"माझं उगवल्यावर. मी ह्यायले म्हटलं, आईनं लय गाठीची पुरचुंडी देली. तं हे हसले. म्हणे, लय गाठी म्हणजे लय जुनं बी, आई ते कोणालेच देत नाही."

तिनं पुढचा ट्रे घेतला. तिला सगळं कळलं होतं. त्या दिवशी मी तिला काय द्यायला निघाले होते, हे तिला पुरतं कळलं होतं, आणि त्यानंतर तिनं ते चार ट्रे भरले होते.

"बोलली काहून नाही तू?"

"बोलून का बी उगवते, आई?" असं म्हणून तिनं ट्रे झटकला. पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर उडाले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "आन कूलर मी दोन नंबरवर ठेवून गेली होती. आली तं तीनवर होता."

मी उठून घरात गेले. काय करणार? रडू आलं नाही. लाज आली, आणि लाजेच्याही खाली, अगदी तळाशी, पुन्हा तोच धूर होता. हे मन हिच्याकडे कुठून आलं? माझ्याकडे का नाही आलं? रोपाचा हेवा वाटला तोवर ठीक होतं. रोप शिकता येतं. ट्रे आणता येतात, भुसा भिजवता येतो. पण हे?

दिवाळीच्या आधी वांगी आली. शेजारीण पहिली. तिनं माझ्या हातात वांगं ठेवलं, जांभळं, पांढऱ्या रेघांचं. मी ते घेतलं आणि आत हाक मारून सुनेला बोलावलं, की हे तुझ्यासाठी आणलंय. शेजारीण माझ्याकडे पाहत राहिली, तिला काही कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सूपभर वांगी जमली. सुनेनं भरीत केलं. भाकरी कमी पडली.

यंदाचा उन्हाळा. परवा मी तिला म्हटलं, ट्रे काढ, टाकू या आता. तिनं स्टुलावर चढून मडकं उतरवलं आणि माझ्यापुढे ठेवलं. आत पुन्हा दोन पुरचुंड्या. एक या वर्षीची. दुसरी दुकानाच्या कुठल्या तरी वांग्याच्या बियाची, शेजारणीच्या घरी दोन-तीन वर्षं पडून होती ती तिनं दिवाळीनंतर मला दिलेली. गाठी कोणी कशा मारल्या आहेत हे आता दोघींनाही माहीत आहे.

ती म्हणाली, "आई, तुमच्या हातानं द्या." आणि पाठ फिरवून दाराकडे तोंड करून उभी राहिली. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. एक सायकलसुद्धा जात नव्हती. मी आत काय उचलते ते आपल्याला दिसू नये, म्हणून ती उभी होती.

मी मडक्यात हात घातला. या वेळी हाताकडे पाहत घातला. एका गाठीची काढली, गाठ सोडली, एक बी दाताखाली फोडून पाहिलं. भरलेलं होतं. मग तिला हाक मारली आणि फडकं तिच्या दोन्ही तळव्यांवर उलटं केलं.

जळते मी अजून तिच्यावर. पण बी चांगलं दिलं.